डोक्यात झाडणारी बाई

दि. ४ जानेवारी

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. त्यातली माझ्या लग्नाबद्दलची अडीच पानं वाचली नाहीत, उरलेलं अर्धं पान दोनदा वाचलं. मी बरी आहे, म्हणजे एका जागी नाही. आज या शाळेत, उद्या त्या दवाखान्यात, पाठीला पिशवी आणि पिशवीत ती पेटी.

पेटीबद्दल तुला सांगायचंच होतं. सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या मुलांच्या डोक्यातल्या रक्ताचा वेग मोजायचं यंत्र आजवर मोठ्या इस्पितळातच असायचं. कपाटाएवढं धूड, ते चालवायला खास शिकलेला डॉक्टर, आणि त्याची तारीख मिळेपर्यंत पोर शिकून नोकरीला लागायचं. आता त्या धुडाचं धाकटं भावंड आलंय. जेवणाच्या डब्याएवढं, बॅटरीवर चालतं, किंमत मोठ्याच्या एक दशांश. शाळेच्या बाकावर मांडलं की झालं. आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंनी मला सहा आठवडे घासूनपुसून शिकवलं आणि आता मी नर्सबाईची तपासनीस झाले. पगार तेवढाच आहे, विचारू नकोस.

करायचं काय, तर कानशिलावर गार चिकट मलम लावायचं आणि पेनासारखी एक दांडी टेकवायची. आतून आवाज येतो आणि पडद्यावर आकडा उमटतो. नळीच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी कसं जोरात उडतं? तसंच आहे. आतली रक्तवाहिनी अरुंद झाली की रक्त जोरात पळतं. आकडा एकशे सत्तरच्या आत असला तर निर्धास्त. दोनशेच्या वर गेला तर त्या पोराला झटका यायचा धोका मोठा. पण वहिनी, आधी कळलं तर दर महिन्याला रक्त देऊन बहुतेक झटके टाळता येतात. टाळता येतात, हे दोनदा लिहिते.

आपल्या धाकट्याला हाच आजार, पण त्याच्या वेळी असलं काही नव्हतं. सातव्या वर्षी त्याची उजवी बाजू गेली. तुझ्या भिंगरीलाही तोच आजार, आणि ती आता सहाची आहे. मी आणखी लिहीत नाही.

वीस तारखेला मी तुमच्या घरामागच्या शाळेत येतेय. भिंगरीला आण. ताप असेल तर आणू नकोस. रडती नको, झोपलेली तर मुळीच नको. पंधरा मिनिटं जागी आणि शांत बसायला हवी. हसू नकोस, मला माहीत आहे मी कुणाबद्दल लिहितेय. आणि जरा खायला घाल पोरीला. मागच्या खेपेला पांढरीफटक दिसत होती, तुझं लक्ष असतं कुठे?

दादाला कसं पटवायचं ते तू बघ. लोभ आहेच, माझ्या वाट्याचा जरा झाकून ठेव.
तुझी,
टकळी


दि. ११ जानेवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. तुमचे दादा झटक्याच्या ओळीपर्यंत ऐकत होते, मग उठले आणि दुकानात गेले. दुकान बंद होतं, रविवार होता. तासाभराने मी जाऊन पाहिलं तर झेरॉक्सचं मशीन पुसत बसले होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले की झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला पोरीच्या डोक्यात काय आहे ते उकरून बघायचं. मी म्हटलं की मूठ आपली नाही, तिची आहे. त्यावर गप्प बसले. गप्प बसले म्हणजे हो, असं मी बारा वर्षांच्या संसारात ठरवून टाकलंय.

भिंगरीची पंधरा मिनिटं हा मात्र अवघड प्रश्न आहे. काल मी घड्याळ लावून पाहिलं. अडीच मिनिटं बसली, त्यातही एक पाय हलत होता. तिच्या काकांनी, म्हणजे धाकट्यांनी, सुचवलं की दांडी तिला हातात देऊन तुमचंच डोकं तपासू द्यावं, निदान आत काही आहे का ते कळेल. हे वाक्य त्यांचं आहे, माझं नाही.

आणि ते पांढरीफटक. वन्सं, मला लागलं हो ते. मी रात्रंदिवस त्या पोरीच्या मागे असते आणि तुम्ही वर्षातून दोनदा येऊन रंग बघता. असो. वीस तारखेला अशी टवटवीत आणून उभी करते की तुम्हीच ओळखणार नाही.

तुमच्या वाट्याचा लोभ झाकून ठेवलाय, वर ताटली पालथी घातली आहे.
तुमची,
वहिनी

ता. क. ताई, वहिनी कागद संपवते आणि मला कोपरा ठेवते. डाव्या हाताचं अक्षर मोठं येतं हे तिला कळत नाही. मी ठीक. दुकानात लॅमिनेशन माझ्याकडे आहे. ये लवकर.
— धाकटा


दि. २५ जानेवारी

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

एकशे बासष्ट! बसमध्ये लिहितेय म्हणून अक्षर नाचतंय, पण खरं सांगायचं तर मीच नाचतेय. त्या दिवशी रांग होती, बाकीच्यांसमोर मला काही दाखवता आलं नाही. तुम्ही गेल्यावर मी शाळेच्या मागे नळावर जाऊन तोंड धुतलं आणि मग बराच वेळ तिथेच उभी राहिले. सहा वर्षं या आकड्याची वाट बघत होते गं.

आणि काय बसली तुझी भिंगरी! दांडी टेकवली तेव्हा चुळबुळ करत होती, पण आवाज आला मात्र, एकदम गप्प. श्शप, श्शप, श्शप. मग मला विचारते की आत कोण झाडतंय. मी म्हटलं की एक बाई आहे, ती रात्रंदिवस तुझं डोकं झाडून स्वच्छ ठेवते. मग तिने विचारलं की तिला सुट्टी नसते का. मी दांडी दुसऱ्या कानशिलावर टेकवली. दोन्ही बाजूंची बाई ऐकून होईपर्यंत हलली नाही. आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या की असं शहाणं पोर त्यांनी पाहिलं नाही. तुझी ती अडीच मिनिटं मी लपवून ठेवली.

रंगही छान होता हो तिचा. शब्द मागे घेते. तिचा फॉर्म भरताना तर मी तुला एक अक्षर विचारलं नाही. रांगेतल्या बाकी आयांना पंधरा प्रश्न, तुला शून्य. भिंगरीचं सगळं मला जन्माच्या वजनापासून तोंडपाठ. नणंद असण्याचा एवढा तरी फायदा असावा.

आता पुढची तपासणी एकदम वर्षाने. तोवर दादाला सांग की मूठ उघडली आणि आत सव्वा लाखच निघाले.

लोभावरची ताटली काढ, मी खायला तयार आहे.
तुझी,
टकळी


दि. २ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचे दादा बदलले. तुमचा तो तपासणीचा कागद त्यांनी दुकानात नेला, स्वतःच्या हाताने लॅमिनेट केला आणि गल्ल्याच्या वर टांगला. लोक झेरॉक्स काढायला येतात आणि एकशे बासष्ट म्हणजे काय विचारतात. मग तुमचे दादा मशीन थांबवून नळी, पाणी, बोट, सगळं समजावतात. मागे रांग लागते. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं की मुलगी परीक्षेत कितवी आली. त्यालाही चहा पाजला.

भिंगरी डोक्याला हात लावून बसते आणि बाईला हळू आवाजात काय काय सांगते. काल म्हणाली की बाईला जरा थांबायला सांगितलंय, गृहपाठ करायचाय. बाई तरी थांबेल, ही थांबायची नाही.

आता एक गंमत कबूल करते. तुमच्या त्या टोमण्यावर मी कशी मात केली माहीत आहे? चौदा तारखेला तिच्या अंगात थोडी कसर होती म्हणून दवाखान्यात नेलं. रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, सहावर आलेलं. डॉक्टर म्हणाले की आठ दिवस वाट पाहू किंवा एक बाटली देऊन टाकू, दोन्ही चालेल. एरवी मी वाटच पाहिली असती, पोर सुईला किती भिते ते तुम्ही जाणता. पण म्हटलं, वन्सं येणार आहेत. सोळा तारखेला बाटली दिली आणि चार दिवसांत गाल कसे भरून आले! तुम्हाला सांगायचं नाही असं मी भिंगरीलाही बजावलं होतं. तुम्ही म्हणालात ना, रंग छान आहे? तेव्हा मनातल्या मनात मी काय नाचले म्हणून सांगू.

रागावू नका. लोभ दोन्ही हातांनी वाढते आहे.
तुमची,
वहिनी

ता. क. ताई, लॅमिनेट मी केलं. दादाने फक्त बटण दाबलं.
— धाकटा


दि. ६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नमस्काराचं मागाहून. काल तुझं पत्र वाचलं, ते बाटलीच्या ओळीपर्यंतच. लगेच फोन केला, तो दादाने घेतला. मी घाईघाईत काय बोलले ते मलाच आठवत नाही, त्याने मात्र फोन ठेवून दिला. मग तू मागून केलास आणि रडलीस. म्हणून आता शांतपणे लिहिते. आपल्या घरात फोनवर नुसती भांडणं होतात, कळायचं ते कागदावरच कळतं.

बाहेरचं रक्त दिलं की डोक्यातला वेग काही आठवडे खाली येतो. म्हणजे त्या दिवशी मी भिंगरीचा वेग मोजलाच नाही, त्या बाटलीचा मोजला. खरा आकडा एकशे बासष्ट असेल, एकशे नव्वद असेल, दोनशेच्या पुढेही असेल. मला माहीत नाही. त्या कागदाला काही अर्थ नाही, आणि त्यावर सही माझी आहे.

तुझी चूक नाही. हे नीट वाच, तू रडत होतीस म्हणून फोनवर ऐकलं नसशील. फॉर्मवरचा चौथा प्रश्न आहे, गेल्या दहा आठवड्यांत रक्त चढवलं का. त्या दिवशी मी तो एकतीस आयांना विचारला. बत्तिसाव्या आईला विचारला नाही, कारण ती माझी वहिनी होती. स्वतःच्या हाताने तिथे नाही असं लिहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तुला टोमणाही मीच मारला होता. आज मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त झोंबलं. एवढंच म्हणाल्या की पेटी स्वस्त आहे, प्रश्न तर फुकट होता.

आता एप्रिलपर्यंत थांबावं लागेल. दिलेलं रक्त आहे तोवर थोडा आधार आहे, पण ते उतरलं की आतलं जे काही आहे ते पुन्हा वर येणार, आणि ते उतरल्याशिवाय मोजता येत नाही. नऊ एप्रिलला मी पेटी घेऊन येते. मध्ये पुन्हा बाटलीची वेळ आली तर डॉक्टर सांगतील तसंच कर, आकड्यासाठी अडवू नकोस, फक्त मला कळव. आणि रोज सकाळी तिला हसायला सांग, दोन्ही हात वर करायला सांग, एक वाक्य बोलायला सांग. यातलं एकही अडलं तर कुणाला विचारत बसू नकोस, थेट मोठं इस्पितळ.

दादाला तो कागद उतरवायला सांग.
तुझ्या लोभाला आज लायक नसलेली,
टकळी


दि. १२ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

फोन मी ठेवला. तुझी वहिनी तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. म्हणून लिहितो आहे, नाहीतर मला पत्र लिहायची हौस नाही.

तू तपासलंस, तू सही केलीस. आता तूच म्हणतेस की खोटं. एप्रिलमध्ये पुन्हा करशील आणि पुन्हा काही राहिलं म्हणशील. मी कागद उतरवणार नाही आणि पोरीला आणणार नाही. पंधरा दिवस मी माणसासारखा झोपलो होतो. ते तुम्हा दोघींना बघवलं नाही.

तू म्हणशील दादा अडाणी आहे. एक गोष्ट सांगतो. ही मी कोणालाही सांगितलेली नाही, हिलासुद्धा नाही. धाकट्याला झालं त्या दुपारी तू शाळेत होतीस. मी बारा वर्षांचा, ओसरीवर अभ्यास करत होतो. तो पाण्याचा पेला घेऊन येत होता, तो माझ्या वहीवर सांडला. मी उठून त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो पडला. उठवला तर उजवा पाय टेकेना आणि तोंड वाकडं. आई धावत आली. सगळे म्हणाले की अंगावरून वारं गेलं. मी म्हटलं नाही की मी मारलं. सव्वीस वर्षं तो माझ्यासमोर डाव्या हाताने जेवतो आहे.

आता तू म्हणतेस की माझ्या मुलीच्या डोक्यातही तेच आहे का बघू. मला बघायचं नाही.

तब्येतीस जप.
दादा


दि. १७ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न.

तुझं पत्र घेऊन मी एका अनोळखी शाळेच्या पायरीवर बसले होते. शिपाई दोनदा येऊन विचारून गेला की बाई, बरं नाही का.

वेड्या, सव्वीस वर्षं? एकदा तरी विचारायचंस ना रे. निदान मी हे शिकायला लागले तेव्हा तरी. मी रोज एकेका आईला सांगते की हा झटका मारण्याने, पडण्याने, नजर लागण्याने येत नाही, रक्तवाहिनी आतून वर्षानुवर्षं अरुंद होत जाते. आणि माझाच भाऊ इतकी वर्षं स्वतःला गुन्हेगार समजून झेरॉक्स काढत बसलाय.

आता शांत डोक्याने त्या दुपारचा क्रम लाव. तूच लिहिलंयस. आधी काय झालं? पेला सुटला. धाकटा सात वर्षांचा होता, त्याच्या हातून पेला कधी सांडत नसे, आई त्यालाच पाणी आणायला सांगायची. तो का सुटला, याचा विचार केलास? हात आधीच गेला होता, दादा. तू धपाटा घातलास तेव्हा झटका सुरू झालेला होता. तुझ्या धपाट्याचा त्यात काही वाटा नाही. धपाटा वाईटच होता, त्याची माफी त्याच्याकडे माग. उरलेलं ओझं तुझं नाही.

माझं ओझं मात्र माझं आहे. मी प्रश्न विचारला नाही आणि नाही असं लिहून मोकळी झाले. तू माझ्यावर चीड, फोन आपट, पण त्या कागदावर विश्वास ठेवू नकोस. तो तुला झोप देतो, भिंगरीला काही देत नाही.

नऊ एप्रिल, सकाळी दहा. मी वाट बघेन.
तुझ्या रागातही तुझीच,
टकळी


दि. ३ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

कागद अजून तिथेच आहे. तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून तुमचे दादा आणखी गप्प झालेत. काय लिहिलंत ते मला दाखवलं नाही. मी विचारलंही नाही, पण उशाखाली ठेवतात एवढं मी पाहिलं.

माझं मात्र घरात एका जागी मन लागत नाही. भांडी घासताना मध्येच उठते आणि ती काय करतेय बघून येते. शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला की कोपऱ्यापर्यंत जाते. झोपली की श्वास बघते, उठली की चाल बघते. परवा तिचा एक पाय जरा ओढल्यासारखा वाटला, तिथेच तिला खाली बसवलं. चपलेत खडा होता. रोज सकाळी हसणं, हात आणि वाक्य. हसते ती दात विचकून, हात वर करते ते माझ्या केसांत घालायला, आणि वाक्य रोज नवं. आजचं होतं की आई, तू फार बघतेस. तिला दवाखान्यात नेलं होतं, रक्त सातावर आहे. दिलेलं उतरत चाललंय. ते उतरावं म्हणून दिवस मोजायचे आणि उतरलं म्हणून घाबरायचं, अशी आई जगात मीच असेन.

मी येणार आहे नऊ तारखेला. यांनी काहीही म्हटलं तरी. खालचा अर्धा कागद या खेपेला मुद्दाम धाकट्यांना ठेवला आहे, त्यांनी मागितला.

तुमच्यावर रागावले होते. आता नाही. लोभ होता तिथेच आहे.
तुमची,
वहिनी

ताई,
दादाने मला तुझं पत्र दाखवलं. दुकानात, मशीन चालू ठेवून, म्हणजे आवाजात बोलता यावं. तो माफी मागत होता. मला आधी कळेना कशाची.
धपाटा मला आठवत नाही. खरंच नाही. पेला आठवतो. विहिरीवरून नाही, घरातल्या माठातून भरला होता. चालताना बोटांना मुंग्या आल्या. मग बोटं माझी नाहीत असं वाटलं. मी पेल्याकडे बघत होतो आणि तो माझ्या हातातून जात होता. दादा तेव्हा लिहीत होता. त्याची मान खाली होती.
हे मी त्याला सांगितलं. सव्वीस वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं. मला वाटायचं सगळ्यांना माहीत आहे.
तो मशीनवर डोकं ठेवून रडला. सात कोऱ्या झेरॉक्स निघाल्या.
तरीही तो येणार नाही म्हणतो. भीती आहे. मी आणि वहिनी भिंगरीला आणतो.
— धाकटा


दि. ११ एप्रिल

ती. स्व. दादास,
शि. सा. न.

आकडा वहिनीने तुला सांगितला असेलच. पण तो कसा आला ते मी सांगायला हवं, कारण तू आत नव्हतास.

या वेळी मी फॉर्मवरचे पंधराच्या पंधरा प्रश्न मोठ्याने विचारले. मुलीचं नावसुद्धा विचारलं. वहिनीने प्रत्येकाला उभं राहून उत्तर दिलं, शाळेत दिल्यासारखं. रक्त बारा आठवड्यांपूर्वी, त्यानंतर नाही. ताप नाही. रात्री झोप झाली. मोठ्या बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या, मीच त्यांना बसवलं होतं.

भिंगरी धाकट्याच्या मांडीवर बसली आणि त्याचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला, उशी ठेवावी तसा. दांडी टेकवली. आवाज आला. पडद्यावर आकडा उमटायच्या आधीच तिने मान न हलवता विचारलं की आत्या, बाई आज घाईत आहे का. मलाही ऐकू आलं होतं रे. आवाज चढलेला होता, एकामागून एक, दम न घेता. धाकट्याने सांगितलं की हो, घाईत आहे, आपण तिला मदतीला माणसं देऊ.

दोनशे बारा. मी परत घेतला. दोनशे नऊ. बाईंनी घेतला. दोनशे अकरा.

वहिनी रडली नाही. पदर खोचला आणि विचारलं की पुढे काय. पुढे असं आहे. मोठ्या इस्पितळात सोमवारी मोठं यंत्र हेच तपासेल, तारीख मी घेतली आहे. तिथेही असंच आलं तर दर महिन्याला रक्त सुरू. पुढे वेग उतरला आणि डॉक्टरांना योग्य वाटलं तर गोळ्यांवर आणतील. तिला अजून काहीही झालेलं नाही. आपण वेळेआधी पोचलो आहोत, दादा. जानेवारीच्या त्या कागदावर विसंबून राहिलो असतो तर पुढच्या जानेवारीला पोचलो असतो, किंवा पोचलो नसतो.

आणि एक. तू आत नव्हतास, पण फाटकापाशी होतास. खिडकीतून तुझं अर्धं डोकं दिसत होतं. दहापासून पावणेबारापर्यंत. उन्हात टोपी तरी घालायची.

सोमवारी आत ये. लोभाला आता फाटकापाशी उभं ठेवू नकोस.
तुझी,
टकळी


दि. २० जून

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी वहिनी म्हणाली की या वेळचं पत्र तुम्हीच लिहा, मी नुसतं तिकीट लावते.

तिसरी बाटली परवा झाली. दर खेपेला मीच जातो. पहिल्या खेपेला सुई टोचताना मी तोंड फिरवलं तर भिंगरी म्हणाली की बाबा, तुम्ही बाहेर बसा, मी आहे. आता फिरवत नाही. मोठ्या यंत्रावर या महिन्यात एकशे अठ्ठ्याहत्तर आला. डॉक्टर म्हणाले की उतरतोय, पण रक्त थांबवायचं नाही. मी वहीत लिहून घेतलं आणि त्यांना पुन्हा विचारून खात्री केली. भिंगरीच्या मते बाईला मदतनीस मिळाले आहेत आणि ती आता मधूनमधून बसते.

तो जानेवारीचा कागद मी उतरवला. फाडायला गेलो तर फाटेना. वीस वर्षं लॅमिनेशनचा धंदा केला, पण ते फाटत नाही हे स्वतःवर आल्यावर कळलं. शेवटी त्याच्या मागच्या बाजूला धाकट्याने जाड पेनने रक्ताच्या तारखा लिहिल्या आणि पुन्हा टांगला. अक्षर मोठं आहे, रस्त्यावरून वाचता येतं.

ज्यासाठी लिहायला बसलो ते वेगळंच. काल दुपारी मी पुढच्या खोलीत बिलं लावत होतो. भिंगरी पाणी घेऊन येत होती. पेला पडला. बिलं भिजली. तो आवाज मी सव्वीस वर्षं ऐकतो आहे, टकळे. मी उठलो. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो आणि म्हटलं की हास. हसली. हात वर कर म्हटलं. दोन्ही वर गेले, अगदी सरळ, एका उंचीला. एक वाक्य बोल म्हटलं. ती म्हणाली की बाबा, माझा पाय चटईत अडकला, ओरडू नका.

मी ओरडलो नाही. तिचे दोन्ही हात वर होते, ते खाली घे म्हणायचं मला सुचेना. तशीच उभी राहिली बिचारी. धाकटा दारात उभा राहून बघत होता. त्याने खाली वाकून डाव्या हाताने पेला उचलला, माठातून भरून आणला आणि माझ्या हातात दिला. तो घेताना माझ्या हातून अर्धं पाणी पुन्हा सांडलं. भिंगरी म्हणाली की काका, बाबांनी सांडलं, आता बाबांना धपाटा.

धाकट्याने घातला. हळूच, पाठीत. मग आम्ही तिघांनी मिळून जमीन पुसली.

पुढच्या महिन्यात तू येशील तेव्हा पेटी आण. चौथा प्रश्न मी तुला विचारायला लावीन.

लोभ इथे सांडून वाहतो आहे, येताना फडकं आण.
तुझा,
दादा